एअरसॉफ्ट खेळायचंय? आधी कोणत्या देशात ते सांगा

एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ. जर्मनीत ०.५ ज्यूलपर्यंतची (ज्यूल म्हणजे सुटणाऱ्या छर्ऱ्याची ताकद मोजायचं एकक) एअरसॉफ्ट बंदूक बहुतांशी खेळण्यात जमा होते. चीनमध्ये जवळजवळ तेवढ्याच ताकदीची बंदूक घरात सापडली तर ती कायद्याने खरी बंदूक ठरते आणि खटला उभा राहतो. इंग्लंडमध्ये ताकदीपेक्षा रंगावरून जास्त अडतं. जपानमध्ये प्लॅस्टिकच्या बंदुकीचा रंग कुणी विचारत नाही, पण ताकद ठरल्यापेक्षा जरा जास्त निघाली की गुन्हा. सिंगापूरमध्ये तर पोलिसांच्या परवानगीशिवाय ती देशात आणताच येत नाही.

शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्या आणि तिकडच्या मित्रांच्या नादाने पहिल्यांदा मैदानावर निघालेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी खेळतो इंग्लंडमध्ये, त्यामुळे इंग्लंडचा भाग जरा लांबेल. नियम बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशी त्या देशाच्या पोलिसांचं किंवा गृहखात्याचं पान एकदा उघडून बघा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, त्याला विकायचं असतं.

पायरी १ : आधी ज्यूल समजून घ्या

एअरसॉफ्टमधून प्लॅस्टिकचे गोल छर्रे उडतात. नाव ६ मिमी, मोजले तर ५.९५ मिमी भरतात. सगळे त्यांना ‘बीबी’ म्हणतात. आपल्याकडे जिला छर्ऱ्याची बंदूक म्हणतात ती एअरगन वेगळी. तिच्यातून शिशाची ४.५ मिमीची गोळी सुटते आणि ती पत्र्याच्या डब्याला भोक पाडते. एअरसॉफ्टचा छर्रा उघड्या कातडीवर लाल वळ उठवतो, पण डोळ्यात गेला तर डोळा जातो. पेंटबॉलसारखा रंग इथे उडत नाही. लागलं की नाही हे ज्याला लागलं त्यालाच कळतं, आणि त्याने हात वर करून ‘हिट’ म्हणून ओरडायचं असतं. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर चालतो.

कायदे बोलतात ज्यूलमध्ये आणि खेळाडू बोलतात फूट प्रति सेकंदात, म्हणजे ‘एफपीएस’मध्ये. नवखा इथे गोंधळतो. हिशोब शाळेतलाच आहे : वस्तुमानाचं अर्ध गुणिले वेगाचा वर्ग. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला की बरोबर १ ज्यूल होतो. तेच एफपीएसमध्ये ३२८. मात्र तोच ३२८ चा आकडा ०.३० ग्रॅमच्या छर्ऱ्याने आला असेल तर ताकद दीड ज्यूल भरते. म्हणून कुणी नुसतं ‘साडेतीनशे मारते’ म्हणालं तर ‘किती ग्रॅमवर?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा. ते माहीत नसेल तर त्या साडेतीनशेला काही अर्थ नाही.

काही देश आणखी एक पायरी पुढे जातात आणि छर्ऱ्याच्या काटछेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ज्यूल ते बघतात. ६ मिमीच्या छर्ऱ्याचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्याने गुणलं की आकडा ओळखीचा होतो. जपानची मर्यादा ३.५, म्हणजे ०.९८ ज्यूल. चीनची १.८, म्हणजे साधारण अर्धा ज्यूल. तैवानची २०, म्हणजे साडेपाच ज्यूलच्या वर. तैवानमध्ये दुकानातून उजळ माथ्याने घेतलेली बंदूक सामुद्रधुनीपलीकडे चीनमध्ये दहापट कडक काट्यावर मोजली जाते.

पायरी २ : त्या देशाला नेमकी कशाची भीती वाटते ते ओळखा

कलमं पाठ करत बसण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं. माझ्या मते देशादेशांतला फरक छर्ऱ्याने किती इजा होते यावरून पडत नाही. इजा सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो त्या देशात आधी काय घडून गेलंय त्यावरून. कुणाला बंदूक खऱ्यासारखी दिसते याची धास्ती, कुणाला ती घरी बसून ताकदवान करता येईल याची, तर कुणाला मुळात माणसांच्या हातात बंदुकीसारखं काही असू नये असं वाटतं. हे एकदा कळलं की त्या देशाचे बाकीचे नियम अंदाजानेही ओळखता येतात.

*जपान.* हा खेळ जन्मला तिथेच. सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, पण हौस तर आहे, त्यातून हुबेहूब प्रतिकृतींचा उद्योग उभा राहिला. टोकियो मारुई कंपनीने १९९१ मध्ये बॅटरी-मोटरवर चालणारी फामास (फ्रेंच लष्करी रायफलीची प्रतिकृती) बाजारात आणली आणि आजही जगभरच्या मैदानांवर त्याच पद्धतीच्या बंदुका सर्वाधिक दिसतात. जपानला बंदूक खरी दिसण्याचं एवढं वावडं नाही. धातूच्या पिस्तुलाच्या प्रतिकृतींना मात्र १९७१ पासून पांढरा किंवा पिवळा रंग आणि बंद नळी सक्तीची आहे, म्हणून तिथली एअरसॉफ्ट पिस्तुलं प्लॅस्टिकच्या अंगाची असतात. खरी चिंता ताकद वाढवण्याची. सुधारलेल्या बंदुकांनी गाड्यांवर, माणसांवर मारा झाल्याचे प्रकार घडले आणि २००६ मध्ये कायदा बदलून ०.९८ ज्यूलची रेघ ओढली गेली. त्यावरची बंदूक नुसती घरात ठेवणंही गुन्हा. ‘१० वर्षांवरील’ आणि ‘१८ वर्षांवरील’ अशा दोन प्रकारच्या बंदुका दुकानात वेगळ्या मांडलेल्या दिसतील. ताकदीप्रमाणे वय ठरतं.

टोकियोत असाल तर चिबाकडे मैदानं भरपूर आहेत आणि भाड्याने सगळं मिळतं. खेळाला तिथे ‘साबागे’ म्हणतात. शिस्त जपानी : सकाळी प्रत्येक बंदूक मोजून तिच्यावर त्या दिवसाची खूण लावतात, आणि बाहेरच्या मैदानांवर बहुधा मातीत विरघळणारे छर्रेच चालतात. परदेशातून स्वतःची बंदूक जपानला नेऊ नका. इतर देशांतलं बरंचसं सामान ०.९८ च्या वर असतं.

*इंग्लंड आणि बाकी ब्रिटन.* मार्च १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. पुढच्या वर्षी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. मग डोळे वळले खोट्या बंदुकांकडे, कारण दरोड्यात समोरच्याला खरी-खोटी कुठे कळते? २००६ चा कायदा १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाला आणि ‘खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक’ विकणं, बनवणं, आयात करणं गुन्हा ठरलं. बाळगणं गुन्हा नाही, हे नीट लक्षात घ्या. अडचण मिळवण्याची आहे.

यातून खेळाडूंसाठी वाट ठेवली आहे : विमा असलेल्या अधिकृत मैदानावर तुम्ही खरोखर खेळता हे विक्रेत्याला दिसलं की तो तुम्हाला काळी, हुबेहूब बंदूक विकू शकतो. ते दिसावं म्हणून विक्रेत्यांच्या संघटनेने ‘युकारा’ नावाची नोंदवही ठेवली आहे. एकाच नोंदणीकृत मैदानावर किमान ५६ दिवसांच्या काळात तीनदा खेळायचं, मग मैदान तुमचा अर्ज पुढे पाठवतं. नोंदणी वर्षभर चालते. युकारा म्हणजे सरकारी परवाना असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही, ती दुकानदाराची सोय आहे. पण दुकानदार तेवढंच मानतात, त्यामुळे व्यवहारात फरक पडत नाही.

नोंदणी नसेल तर दोनरंगी बंदूक मिळते. अर्ध्याहून जास्त भाग भडक रंगाचा, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी किंवा जांभळा, नाहीतर पारदर्शक. दुकानं ५१ टक्के असा हिशोब धरतात. मैदानावर निळ्या बंदुकीला थोडी थट्टा सहन करावी लागते, दुसरं काही नाही. मात्र ती घरी आणून काळी फासू नका. तसं केलं की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नवी ‘हुबेहूब नकली बंदूक’ बनवली. १८ वर्षांखालच्याला कोणत्याच रंगाची विकता येत नाही. ताकदीची मर्यादा २०१७ च्या कायद्याने पक्की झाली : सलग गोळीबार करू शकणारी असेल तर १.३ ज्यूल, एकेक गोळीची असेल तर २.५. त्यावर गेली की ती एअरसॉफ्ट राहत नाही.

*जर्मनी.* जर्मन लोकांनी या विषयाचं पार वर्गीकरण करून ठेवलंय. अर्ध्या ज्यूलवरची बंदूक १८ पूर्ण झालेल्यालाच मिळते आणि तिच्यावर पंचकोनात कोरलेलं ‘एफ’ अक्षर हवं. विकत घेताना ती खूण बोटाने चाचपून बघा, बहुधा नळीजवळ किंवा मधल्या भागावर असते. खूण नसलेली, आशियातून मागवलेली स्वस्त बंदूक तिथे शस्त्रकायद्याखाली अडकवते. अर्ध्या ज्यूलच्या वरच्या बंदुकीत सलग गोळीबार चालत नाही, चाप एकदा दाबला की एकच छर्रा. इंग्लंड-फ्रान्सहून आलेल्यांना हे विचित्र वाटतं. शिवाय बंदुकीवर बसवायचे टॉर्च आणि लेझर वर्ज्य, ते इतर देशांतल्या खेळाडूंच्या पिशवीत सर्रास असतात, तेव्हा म्युनिकला मित्राकडे जाताना आधी पिशवी रिकामी करा. आणि २००८ पासून, खरी वाटणारी बंदूक अर्ध्या ज्यूलखालची असली तरी रस्त्यावर उघड्यावर नेता येत नाही.

*अमेरिका.* खऱ्या बंदुकांचा देश असल्यामुळे एअरसॉफ्टला तिथे केंद्रीय पातळीवर फारसा अडथळा नाही. नकली बंदुकांबद्दलच्या १९८८ च्या कायद्यातून आलेली नळीच्या टोकाची भडक केशरी खूण हवी, किमान ६ मिमीची, एवढं मुख्य. पुढे राज्य आणि शहर काय म्हणेल ते खरं. न्यूयॉर्क शहरात खऱ्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या खेळण्याच्या बंदुकांना मनाई आहे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून केशरी टोकाबरोबरच चापाभोवतीच्या कडीलाही भडक रंग आणि इतर ठिकाणी रंगीत पट्टे लागतात.

तो कॅलिफोर्नियाचा कायदा कुठून आला ते सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सांता रोझा गावात १३ वर्षांचा मुलगा एके-४७ सारखी दिसणारी एअरसॉफ्ट घेऊन चालला होता, पोलिसांच्या गोळीने गेला. वर्षभराने, २२ नोव्हेंबर २०१४ ला, ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये बागेत १२ वर्षांचा मुलगा एअरसॉफ्ट पिस्तुलाशी खेळत होता. केशरी टोक निघालेलं. फोन करणाऱ्याने ‘बहुतेक खोटी असावी’ असं सांगितलं होतं, ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलं नाही. गाडी थांबल्यापासून दोनेक सेकंदांत गोळी सुटली. अमेरिकेत नियम सैल आहेत म्हणून बिनधास्त राहणाऱ्यांनी हे वाचावं. जिथे कुणाच्याही खिशात खरं पिस्तूल असू शकतं, तिथे पोलीस तुमचं पिस्तूल खोटं असेल असं धरून चालत नाही. भारतीय वर्णाच्या तरुणाने तर अंगणातसुद्धा शेजाऱ्यांना सांगूनच खेळावं, असं मी म्हणेन.

*कॅनडा.* इथे गंमत उलटी आहे. फार कमजोर असून हुबेहूब दिसणारी बंदूक ‘प्रतिकृती’ म्हणून निषिद्ध, आणि फार ताकदवान असली तर खरी बंदूक. मधल्या पट्ट्यात, साधारण ३६६ ते ५०० एफपीएसमध्ये, ती कायदेशीर. २०२१ आणि मग २०२२ मध्ये सरकारने विधेयक आणलं त्यात हा पट्टाही बंद होणार होता. खेळाडू, दुकानदार आणि मैदानवाल्यांनी आवाज उठवला, २०२३ मध्ये समितीने एअरसॉफ्टचं कलम काढून टाकलं आणि डिसेंबरमध्ये बाकीचा कायदा मंजूर झाला. टोरोंटोत खेळणाऱ्यांनी बातम्यांवर लक्ष ठेवावं.

*ऑस्ट्रेलिया.* एप्रिल १९९६, पोर्ट आर्थर, ३५ मृत्यू. त्यानंतर तिथला बंदुकीबद्दलचा विचारच पालटला. एअरसॉफ्ट आयात करायला पोलिसांची परवानगी लागते आणि ती हौसेसाठी मिळत नाही. लोकांनी मग पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्या उडवणारे ‘जेल ब्लास्टर’ शोधले. क्वीन्सलँडने ते चालू दिले, पण फेब्रुवारी २०२१ पासून बाळगायला क्लबच्या सदस्यत्वासारखं रास्त कारण आणि घरी सुरक्षित ठेवणं सक्तीचं केलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये नोंदणी आणली, पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये बंदी घातली. न्यू साऊथ वेल्स आणि व्हिक्टोरियात आधीपासूनच चालत नाहीत. सिडनी-मेलबर्नच्या मुलांनी ब्रिस्बेनच्या मित्राकडून ‘खेळणं’ म्हणून गाडीत टाकून आणू नये. राज्याची सीमा ओलांडली की गुन्हा होतो. पेंटबॉल खेळा.

*चीन.* आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तसाच स्टॉल त्यानजिन शहरात एक पन्नाशीची बाई चालवत होती. २०१६ मध्ये पोलिसांनी तिच्या बंदुका उचलल्या, मोजल्या, त्यातल्या काही दर चौरस सेंटिमीटरला १.८ ज्यूलच्या वर भरल्या, आणि तिला साडेतीन वर्षांची कैद झाली. देशभर ओरड झाली. जानेवारी २०१७ मध्ये अपिलात शिक्षा स्थगित होऊन ती घरी आली. त्याहून वाईट प्रकरण फूच्येन प्रांतातल्या एका तरुणाचं. त्याने २०१४ मध्ये तैवानहून २४ नकली बंदुका मागवल्या आणि न्यायालयाने जन्मठेप दिली. २०१८ मध्ये फेरसुनावणी होऊन ती ७ वर्षं ३ महिन्यांवर आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ आकडा न बघता हेतू, दिसणं, धोका हेही बघा. तरी १.८ ची रेघ जागच्या जागी आहे. शेनझेनच्या कारखान्यांना भेट द्यायला जाणाऱ्यांनी नमुना म्हणूनही काही पिशवीत टाकू नये.

बाकीचे भराभर. हाँगकाँगमध्ये २ ज्यूलपर्यंत मोकळीक. दक्षिण कोरियात ०.२ ज्यूल आणि रंगीत टोक, म्हणजे जपानच्या पाचव्या हिश्शाइतकी ताकद. मलेशियात बंदी. फ्रान्समध्ये २ ज्यूलपर्यंत, पण ०.०८ च्या वर १८ वर्षांखालच्यांना विकत नाहीत. इटलीत १ ज्यूल. आयर्लंडमध्येही १ ज्यूल, तोही २००६ नंतर, त्याआधी एअरसॉफ्ट तिथे सरळ बंदुकीत मोडत होती. नेदरलँड्समध्ये देशाच्या एअरसॉफ्ट संघटनेचं सदस्यत्व असल्याशिवाय घरात ठेवता येत नाही, त्यामुळे आइंडहोव्हनला नोकरी लागली तर आधी सदस्यत्व, मग बंदूक. पोलंडमध्ये हवेवर चालणाऱ्या बंदुकांना १७ ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून एअरसॉफ्टचा प्रश्नच येत नाही. पोलंडच्या दुकानातून स्वस्तात मागवून जर्मनीत आणणारे मग त्या पंचकोनी ‘एफ’वर अडकतात.

पायरी ३ : पहिले दोन-तीन महिने भाड्याने खेळा

कुठल्याही देशात असा, बंदूक विकत घेऊ नका. मैदानावर भाड्याने बंदूक, चेहऱ्याचा मुखवटा, छर्रे, सगळं मिळतं, आणि ती बंदूक त्या देशाच्या नियमात बसवलेली असते. तुम्ही फक्त घोट्यापर्यंतचे बूट आणि जुने कपडे आणायचे. इंग्लंडमध्ये तर याच काळात तुमचे युकाराचे ५६ दिवस भरत जातात. पहिल्या दिवशीच मैदानावर सांगून ठेवा की नोंदणी करायची आहे, म्हणजे ते तुमची हजेरी लिहून ठेवतात. नंतर ‘मी आलो होतो हो’ सांगून उपयोग होत नाही.

सकाळी मैदानावर काय होतं ते सांगतो. तुम्ही ‘क्रोनो’च्या, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राच्या, टेबलासमोर रांगेत उभे राहता. ते यंत्र चहाच्या मोठ्या डब्याएवढं असतं, त्यातून नळी रोखून चारपाच छर्रे सोडायचे, आकडे लाल अक्षरांत उमटतात. मार्शल, म्हणजे मैदानाचा पंच, बहुधा मैदानाचेच ०.२० ग्रॅमचे छर्रे तुमच्या मॅगझिनमध्ये (छर्रे भरायच्या खोक्यात) भरायला सांगतो, कारण हलका छर्रा सांगून जड वापरायची युक्ती जुनी आहे. गॅसच्या बंदुकीत जड छर्ऱ्यावर ताकद वाढतेही, म्हणून काही ठिकाणी तुम्ही ज्याने खेळणार त्यानेच मोजतात. इंग्लंडची बरीच मैदानं कायद्याच्या १.३ पर्यंत जात नाहीत, ३५० एफपीएसवर थांबवतात, म्हणजे १.१४ ज्यूल. एकेक गोळीच्या लांब पल्ल्याच्या बंदुकीला ५०० पर्यंत सूट असते, पण ३० मीटरच्या आतल्या माणसावर ती मारायची नाही. आकडा जास्त आला तर वाद घालू नका. बंदूक गाडीत जाते आणि तुम्हाला भाड्याची मिळते.

डोळ्यांवरच्या संरक्षक गॉगलबद्दल एकच : युरोपात ‘ईएन १६६ बी’, अमेरिकेत ‘झेड ८७.१’ असा शिक्का बघून घ्या. ‘बी’ म्हणजे ६ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला १२० मीटर वेगाने आदळून काच टिकली आहे, ती ताकद ६ ज्यूलच्या वर जाते. जाळीचे गॉगल धुकं धरत नाहीत म्हणून लोकांना आवडतात, पण छर्रा फुटला तर त्याचे तुकडे जाळीतून आत येतात. मी वापरत नाही. आणि सुरक्षित जागेबाहेर, खेळ संपला असला तरी, गॉगल उचलून घाम पुसायचा नाही. मार्शल यावरूनच सगळ्यात जास्त ओरडतात.

पायरी ४ : घर ते मैदान

जवळजवळ सगळ्या देशांत मैदानावर आणि घरात तुम्ही ठीक असता, मधल्या रस्त्यावर अडचणीत येता. ब्रिटनमध्ये नकली बंदूकसुद्धा सार्वजनिक जागी रास्त कारणाशिवाय बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे. मैदानाकडे जाणं हे रास्त कारण, पण पेट्रोल पंपावर मागच्या सीटवर उघडी पडलेली बंदूक बघून कुणी फोन केला तर ते कारण तुम्ही सशस्त्र पोलिसांसमोर हात वर करून सांगत असाल.

म्हणून बंदूक अशा पिशवीत घाला की तिचा आकार ओळखू येणार नाही. गिटारची पिशवी किंवा साधी खेळाच्या सामानाची चालते. बॅटरी काढलेली, मॅगझिन वेगळं, पिशवी डिकीत. जर्मनीत नुसती चेन पुरत नाही, पिशवीला किंवा पेटीला कुलूप हवं. परतताना सैनिकी कपड्यांत कॉफी प्यायला सुपरमार्केटमध्ये शिरू नका, वरचा शर्ट तरी बदला. आणि रात्री खोलीत आरशासमोर फोटो काढून स्टेटसला टाकायची हौस असते, ती आवरा. विद्यार्थी वसतिगृहांच्या करारात नकली शस्त्रांना मनाई असते, शेजारच्या खोलीतल्याने खिडकीतून बघितलं तरी गोष्ट पुढे जाते. मैदानवाले सामान ठेवून घेत असतील तर विद्यार्थ्यांसाठी ते उत्तम.

पायरी ५ : विमान, आणि भारतात परत येताना

युरोपातल्या युरोपात स्पर्धेला जाताना बंदूक चेक-इनच्या सामानात, आधी विमान कंपनीला लेखी कळवून. केबिनमध्ये नकली बंदूक कुठेही चालत नाही, भारतातही खेळण्यातली पिस्तुलं केबिनमधल्या निषिद्ध यादीत आहेत, तेव्हा भाच्यासाठी घेतलेली टिकल्यांची बंदूकसुद्धा हातातल्या पिशवीत नको. लिथियम बॅटरीचं उलटं : सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून जवळच ठेवायच्या. ११.१ व्होल्ट, १२०० एमएएचची बॅटरी १३ वॅट-तासांची भरते, मर्यादा १०० ची, त्यामुळे चिंता नाही. गॅसचा डबा मात्र कुठल्याच सामानात जात नाही. तो मुळात प्रोपेन असतो.

आता भारत. शिक्षण संपलं, मुंबईचं तिकीट काढलं, आणि पाचशे पौंडांची बंदूक कपाटात. ‘खेळणंच तर आहे’ म्हणून बॅगेत टाकायचा मोह होतो. भारतात परवान्याशिवाय मिळणारी एअरगन ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतची. एअरसॉफ्टची ताकद त्याच्या आसपासही नाही, पण नळी ६ मिमीची आहे, म्हणजे त्या चौकटीत ती बसत नाही. वर दिसायला थेट लष्करी रायफल. एक्स-रेमध्ये ती दिसली की पुढचे तास तुम्ही कस्टम्सच्या खोलीत आणि बंदूक तपासणीला. लेखी परवानगी हातात नसेल तर आणू नका. सुटे भाग करून दोन बॅगांत वाटून आणायची आयडिया मित्र देतील, तीही नको. सुटी नळी आणि सुटा चाप बघून अधिकाऱ्याचा संशय वाढतोच.

ती तिथेच विका. ब्रिटनमध्ये विकताना कायदा तुम्हालाही दुकानदारासारखाच लागू होतो, म्हणून घेणाऱ्याचं वय आणि युकारा क्रमांक तपासून मगच द्या. मैदानावर रविवारी विकलेली बरी, समोरच्याला मार्शल ओळखत असतात. जर्मनीत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघा. नेदरलँड्समध्ये त्याचं सदस्यत्व.

बूट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे घेऊन या, लोणावळ्याकडे पेंटबॉलला कामी येतील. एअरसॉफ्टचा गॉगल मात्र तिथे घालू नका. पेंटबॉलचा गोळा ०.६८ इंचाचा आणि ३ ग्रॅमचा, ३०० एफपीएसला १२ ज्यूलच्या घरात जातो. त्याला पूर्ण चेहरा झाकणारा पेंटबॉलचाच मुखवटा लागतो, तो तिकडचे लोक भाड्यातच देतात.